तिसऱ्या खोक्यातलं पातेलं

खोलीत आता माणसं दोन, ताटल्या दोन, खुर्च्या दोन, आणि भिंतीशी दोरीनं करकचून बांधलेले सात खोके. नवखा कुणी दारात आला असता तर हे बिऱ्हाड आजच आलंय की आजच निघालंय, हे त्याला सांगता आलं नसतं. खरं म्हणजे ते गेली दोन वर्षं निघतच होतं.

ही सगळी काकूंची करणी. मास्तरांचं कॅन्सरच्या गाठीनं खराब झालेलं यकृत काढून तिथं लेकीच्या यकृताचा तुकडा बसवला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार परत यायचाच असला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणून दोन वर्षं इस्पितळापासून तासाभराच्या आत राहायचं आणि दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. आठ रिपोर्ट चांगले आले की घरी. काकूंनी आठ हा आकडा मनात असा धरला, जसा पोहता न येणारा माणूस काठावरचं झाड धरतो. पहिला रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी त्यांनी एक रिकामा खोका आणला, त्यात हिवाळी कपडे भरले आणि दोरी बांधली. दुसऱ्या रिपोर्टला दुसरा खोका. तिसऱ्यात मोठी भांडी गेली. सातवा रिपोर्ट आला तोवर खोलीत बसायला जागा झाली होती, पण बसून करायचं काय, अशी गत. मास्तर म्हणायचे, "अगं, आठव्याला मला भरशील बहुतेक."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. त्यांचा धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करण्याचा. गावच्या प्रार्थनामंदिरातली जुनी पायपेटी तीस वर्षं त्यांनी जिवंत ठेवली, म्हणून लोक त्यांना सूरमास्तर म्हणू लागले, आणि पुढं घाईघाईत नुसतं मास्तर राहिलं. गाव लांब होतं. एक अख्खा दिवस गाडीत बसायचं आणि मग होडीनं खाडी ओलांडायची, तेव्हा कुठं घराचं मागचं दार दिसायचं. त्या दाराची कडी काढताना होणारा आवाज काकूंना इथं दुपारी पडल्या पडल्या ऐकू यायचा. चार वाजता मागच्या पायरीवर ऊन येतं, तेही त्यांना इथं बसून कळायचं. घड्याळात चार वाजले की पायांना नुसती ऊब आठवायची. देवाजवळ त्या मागायच्या तेव्हा आजार बरा कर असं म्हणायच्या नाहीत. तेवढं त्याला कळतंच, आपण कशाला शिकवायचं. त्या फक्त म्हणायच्या, घरी ने.

आठवड्यातून एकदा प्रार्थनामंदिरात एक म्हातारे गृहस्थ गाऊन कथा सांगत. मध्येच थांबत, लोकांना हसवत, आणि हसणं विरायच्या आत असा एक सूर लावत की हसणाऱ्याचेच डोळे भरून यावेत. त्या दिवशी लेक फोन उंच धरून पहिल्या रांगेत बसायची. इकडं दोन खुर्च्यांच्या मध्ये तिसरं काही नसल्यामुळं फोन मास्तरांच्या गुडघ्यावर असायचा. आवाज तुटत यायचा. कथा अर्धी कळायची, अर्धी काकू आपल्या मनानं भरायच्या. मास्तरांना मात्र कथेच्या आधी पेटी ऐकू यायची.

"मधला पंचम उतरलाय," ते म्हणायचे. "कुणी हात लावू नका म्हणावं. मी आलो की बघतो."

मी आलो की. हे तीन शब्द ते अगदी सहज बोलायचे आणि काकू उठून उगाच पाणी प्यायला जायच्या.

बाकी तीन महिन्यांपलीकडचं काही बोलायचं नाही असा त्या घराचा अलिखित कायदा होता. लेकीनं एकदा विचारलं, नातीला पुढच्या वर्षी कुठल्या शाळेत घालू? काकू म्हणाल्या, रिपोर्ट येऊ दे. वादळात मागच्या अंगणातलं जुनं झाड पडलं, तिथं खड्डा झालाय, काय लावू? रिपोर्ट येऊ दे. लेकीनं मग विचारणंच सोडलं. खड्डा तसाच होता.

आठव्या रक्ताच्या दिवशी काकू आठवा खोका आधीच आणून बसल्या होत्या. इस्पितळात रक्त काढायला एक ताई होत्या, जाडजूड, बोलघेवड्या. सुई काढली की कापसावर बोट दाबून त्या पेशंटला एक विनोद सांगायच्या. विनोद संपला की बोट काढायचं. तेवढ्यात रक्त थांबलेलं असतं, हे त्यांचं मोजमाप. वीस वर्षांत त्यांनी कधी घड्याळ बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एका आंधळ्या न्हाव्याचा विनोद सांगितला, बोट काढलं, आणि कापूस पुन्हा लाल झाला. "मास्तर, तुम्हाला हसू आलं नाही वाटतं," असं म्हणत त्यांनी दुसरा विनोद सुरू केला. त्यावर तिघंही हसली आणि मास्तर-काकू घरी आले.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून घेतलं. बाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट टेबलावर दोघांकडं फिरवून ठेवला.

रक्तात दोन खुणा बघतात, हे काकूंना एव्हाना पाठ होतं. एक एएफपी, दुसरी पिव्का. दोन राखणदार समजा, डॉक्टरीणबाईंनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं; काही चोर एकाला दिसतात, काही दुसऱ्याला, म्हणून दोघांना ठेवायचं. मास्तरांच्या बाबतीत एएफपी पहिल्यापासून झोपलेलीच. पोटात एवढी गाठ होती तेव्हासुद्धा ती पाचच्या वर गेली नाही, आणि तिच्यावर विसंबून एका दवाखान्यानं काही नाही म्हणून परत पाठवलं होतं. ओरडली ती पिव्का. चाळिसाच्या आत असावी, ती बाराशे चाळीस निघाली, आणि मग तपासणीत गाठ सापडली. ऑपरेशनच्या आधी हा आकडा जितका वर, तितकी आजार परतण्याची भीती जास्त, हेही तेव्हाच सांगून झालं होतं. म्हणून तर दोन वर्षं.

सात वेळा पिव्का वीस-पंचविसात होती. आठव्यांदा तीनशे दहा.

"एएफपी चार आहे, चांगली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि काकूंना कळलं की या बाईंना खोटा धीर देता येत नाही. झोपलेल्या राखणदारानं काही दिसलं नाही म्हटल्यानं काय होतं?

पोटाची तपासणी झाली, छातीची झाली. काही दिसलं नाही. पण फार बारीक असेल तर दिसत नाही, असंही सांगितलं. महिन्याभरानं पुन्हा रक्त बघू, आकडा वाढत असला तर पुढचं ठरवू. तोवर घरी जायचं नाही.

काकूंनी आठवा खोका खोलीबाहेर नेऊन ठेवला. लेकीला फोनवर सांगताना त्यांची जीभ जड झाली, कारण बातमी लेकीला सांगायची होती आणि तुकडाही लेकीचाच होता. लेकीच्या पोटावरचा तो लांब व्रण काकूंनी स्वतः पुसला होता. लेक म्हणाली, बाबा जेवले का?

तो महिना कसा गेला ते त्या खोलीला ठाऊक. मास्तरांचं जेवण कमी झालं होतंच, ते आणखी कमी झालं. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई, पण महिन्यापूर्वीच दाढेला गळू होऊन तीन आठवडे जबर गोळ्या झाल्या होत्या. दाढच अजून धड नसेल, असं दोघांनी ठरवून टाकलं. काकूंना वाटायचं एखाद्या मोठ्या डॉक्टरकडं धावावं, दुसऱ्या शहरात न्यावं, कुठलं तरी नवं औषध आजच सुरू करावं. त्या मास्तरांच्या मागं लागल्या. मास्तर ऐकून घेत राहिले आणि मग आपल्या कामातलं बोलले. ते क्वचितच असं बोलत.

"पेटीतला सूर बिघडला की नवखा आधी कानस उचलतो. आतली पितळी पट्टी घासतो. घासलेलं पितळ पुन्हा लागत नाही, अगं. माझ्या वडिलांनी मला आधी फुंकर मारायला शिकवलं. धूळ बसली असेल तर? धूळ नाही असं दिसलं की मग कानस."

"आणि धूळ नसली तर?"

"तर कानस," मास्तर म्हणाले. "मी कुठं पळून चाललोय."

महिन्यानं ते पुन्हा ताईंच्या खुर्चीत बसले. सुई निघाली, कापूस दाबला, विनोद झाला. दुसरा झाला. तिसरा संपत आला तेव्हा ताई मध्येच थांबल्या. विनोदाचा शेवट त्यांनी सांगितलाच नाही. त्यांनी कापूस उचलून बघितला, पुन्हा दाबला आणि मास्तरांच्या दंडावरचे दोन निळे डाग निरखले.

"हे कशानं?"

मास्तर म्हणाले, दाराला लागलं असेल. दोन्ही? लागलं असेल दोनदा. हिरड्यांतून रक्त येतं का? काकूंनी सांगितलं, येतं, दाढेमुळं. गोळ्या किती दिवस झाल्या? तीन आठवडे. ताईंनी भुवया वर केल्या आणि अगदी सहज, भाजीच्या बाजारात विचारावं तसं विचारलं, "काकू, मास्तर जेवतात काय हो?"

काकू या प्रश्नाला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. उलट आपली हुशारी सांगायची संधी मिळाली म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर कागद मिळाला होता, त्यावर कच्चा पाला वर्ज्य असं लिहिलं होतं. त्यांनी आधी प्रत्येक पान तीनदा धुतलं, शिजवून शिजवून गाळ केला. मग सहा महिन्यांपूर्वी बाहेर बाकावर एका बाईंनी सांगितलं की अमक्याला ताप आला, पंधरा दिवसांत गेला, आणि कुणी म्हणे तो पाल्यातल्या जंतूंमुळं. त्या दिवसापासून काकूंनी हिरवा रंगच उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. भात, बटाटा, भोपळा, उकडलेलं अंडं. सहा महिन्यांत कोथिंबिरीची एक काडी नाही.

"एक काडी नाही," काकू पुन्हा म्हणाल्या, कारण ताईंच्या चेहऱ्यावर हवं ते कौतुक दिसेना.

ताईंनी कापसावर पट्टी घट्ट बांधली. "इथंच बसा," म्हणाल्या आणि स्वतः उठून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. वीस वर्षांत त्या खुर्ची सोडून अशा गेलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

थोड्या वेळानं दोघांना आत बोलावलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला आणखी एक नळी गेली. मग डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला काही न काढता, नुसतं पेन हातात धरून समजावलं. रक्त गोठवणारं एक प्रथिन यकृत बनवतं. ते पुरं व्हायला एक जीवनसत्त्व लागतं, ते मुख्यतः हिरव्या पाल्यातून मिळतं, आणि थोडं आतड्यातले चांगले जंतू करून देतात. ते कमी पडलं की प्रथिन अर्धवट राहतं आणि तसंच रक्तात फिरतं. त्या अर्धवट मालालाच पिव्का म्हणतात. गाठ असली की ती असला अर्धवट माल सोडते. आणि गाठ नसताना पाला तुटला, त्यात गोळ्यांनी आतड्यातले जंतूही मारले, तरी चांगलं यकृतसुद्धा असाच माल सोडतं. आकड्यावरून दोन्ही सारखंच दिसतं.

"मी खाण्याचं विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी गोळ्यांची यादी विचारली, खाण्याचं नाही विचारलं."

काकूंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी हळू विचारलं, "म्हणजे हे मी केलं?"

डॉक्टरीणबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत आणि नाही तर मुळीच म्हणाल्या नाहीत. तसं असेल तर फार चांगलं, असं काहीसं म्हणाल्या. आजच्या रक्तात आकडा चढलेला आला तरी त्यावरून काही ठरवायचं नाही; आज त्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊ, पाला शिजवून रोज द्या, पंधरा दिवसांनी रक्त बघू. आकडा उतरला तर धूळ होती. नाही उतरला तर मात्र... धूळ हा शब्द अर्थात त्यांचा नव्हता; काकूंनीच तो मनातल्या मनात तिथं बसवला.

घरी येताना काकूंनी कोपऱ्यावरून तीन जुड्या घेतल्या. त्या हातात धरून त्या अशा चालत होत्या, जसं कुणाचं तान्हं मूल उचलून आणलंय. खोलीत आल्यावर लक्षात आलं की शिजवायला भांडं नाही. छोट्या पातेलीत दोन मुठी पाला मावेना. मोठं पातेलं तिसऱ्या खोक्यात.

त्या खोक्यासमोर बसून राहिल्या. दोन वर्षांत त्यांनी बांधलेली एकही गाठ सोडली नव्हती. ही दोरी सोडली म्हणजे आपण मागं गेलो, असं त्यांना वाटत राहिलं. सात पावलं चाललो होतो, आता दोनवर आलो. मास्तरांनी बघितलं, सुरी आणून दिली. काकूंनी ती घेतली नाही. त्यांनी नखांनी गाठ सोडवली, बराच वेळ लागला. खोका उघडला तसा जुन्या घरातल्या फडताळाचा वास आला आणि त्यांना हुंदका आवरेना.

पाला शिजला. मास्तर जेवायला बसले. पहिला घास त्यांनी तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. मग दुसरा, तिसरा. ताटली पुसून घेतली. पुन्हा वाढून घेतलं. दोन महिन्यांत त्यांनी पुन्हा वाढून घेतलं नव्हतं.

"इतकं आवडतं, तर बोलला का नाहीत सहा महिने?" काकूंच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर, हे त्यांनाच ठरवता येईना.

मास्तर थोडे ओशाळले. मग त्यांनी कबूल केलं की खिडकीतून खालच्या भाजीवाल्याची टोपली दिसते, आणि तो हिरव्या जुड्यांवर पाणी शिंपडतो ती वेळ त्यांना पाठ झाली आहे. बटाटा खाऊन खाऊन आपणच बटाट्यासारखे दिसायला लागलोय, असंही त्यांना वाटायचं. "पण तू एवढ्या जिवानं करायचीस. अंडं सोलताना तुझा चेहरा बघायचो मी. त्यात मला पालेभाजी हवी, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"त्याच तोंडानं, ज्यानं आत्ता खाताय," काकू म्हणाल्या, आणि मग दोघं हसली. हसता हसता काकूंनी पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढला नाही.

ते पंधरा दिवस आधीच्या महिन्याहून अवघड गेले, कारण आता आशा होती. काकू रोज पाला निवडत आणि रोज मास्तरांचे दंड बघत. निळे डाग पिवळे झाले, फिके झाले. हिरड्यांचं रक्त थांबलं. पण रक्त थांबलं म्हणून गाठ नाही असं थोडंच आहे, हेही त्यांना कळत होतं. दोन्ही एकदम असू शकतात, डॉक्टरीणबाईंनी तसं सांगूनच ठेवलं होतं. आठवड्याच्या कथेच्या दिवशी लेकीनं फोन उंच धरला. म्हातारबुवा त्या दिवशी परदेशी अडकलेल्या, घरची वाट विसरू नये म्हणून रोज ती मनात चालणाऱ्या माणसाची गोष्ट गात होते. आवाज तुटला. काकूंनी उरलेली वाट आपली आपण चालून घेतली: गाडी, खाडी, होडी, कडी. मास्तर म्हणाले, पंचम आणखी उतरलाय.

रक्ताच्या दिवशी ताईंनी न्हाव्याचा तोच विनोद सांगितला. विनोद संपला, बोट उचललं. कापूस पांढरा होता, मधोमध एक ठिपका. ताईंनी तो कापूस काकूंना दाखवला.

तीन दिवसांनी आकडा आला. सदतीस.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोघांकडं फिरवून ठेवला आणि या वेळी त्यांचं बोट जरा जास्त वेळ त्या आकड्यावर राहिलं. गाठ असती तर इंजेक्शनानं इतका उतरला नसता, असं त्या म्हणाल्या. पुढं दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचंच, पण ते तिकडून बर्फात घालून पाठवलं तरी चालेल. आणि काय जेवता तेही चिठ्ठीवर लिहून पाठवा. जा आता.

आठवा खोका बाहेर पावसाचं पाणी लागून मऊ पडला होता, तो काकूंनी टाकून दिला. उरलंसुरलं तिसऱ्यात मावलं, कारण मोठं पातेलं त्यांनी परत त्यात ठेवलंच नाही. मास्तर म्हणाले, प्रवासात हे कुठं सांभाळणार? काकू म्हणाल्या, मांडीवर.

निघायच्या आदल्या दुपारी लेकीचा फोन आला. होडी किती वाजता धरणार, कुणाला धक्क्यावर पाठवू, असं सगळं झालं. मग फोन ठेवायच्या आधी काकूंनीच विषय काढला.

"तो मागचा खड्डा बुजवलास का गं?"

"नाही. तू सांगितलं नव्हतंस ना."

"मग तिथं लिंबू लाव."

खोलीत चार वाजले होते, आणि काकूंच्या पायांना ती ऊब आठवली.

"आई," लेक म्हणाली, "रोप लावलं तरी लिंबं यायला चार वर्षं जातात."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तू लाव."

मास्तर खुर्चीत होते. दुसरी खुर्ची घरमालकाकडं परत गेली होती, म्हणून काकू उभ्या होत्या. फोनकडं वाकून मास्तर म्हणाले, "भिंतीपासून चार हात लांब लाव गं. सावलीत नको."